शेजारणीचं ऊन

गर्दाया,
ता. ९ एप्रिल

चि. बाहमद यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र लॉरीवाल्याने काल आणून दिलं. सोबतची साबणाची पेटी आणि चहा पोचला. पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना रागाने अर्धं दिसलंच नाही. साठी उलटलेल्या भावाने सत्तरीला टेकलेल्या थोरल्या बहिणीला, आपल्या नन्नाला, हुकूम सोडावा, की मेअखेर लॉरी येईल, तिच्यात बस आणि अल्जीयर्सला निघून ये, ही तऱ्हा आपल्या घराण्यात मी पहिल्यांदाच पाहिली. हे फोनवरही बोलता आलं असतं. पण तुझ्या कानांमुळे मला इतकं ओरडावं लागतं, की आपल्या घरच्या गोष्टी सगळ्या गल्लीला तोंडपाठ झाल्या आहेत. तेव्हा पत्रच बरं.

गेल्या ऑगस्टात तीन दिवस वीज गेली, फ्रिजमधलं माझं साखरेचं इंजेक्शन उकाड्याने नासलं आणि मला चार दिवस इस्पितळात पडावं लागलं, हे मी नाकारत नाही. तू रात्रभर प्रवास करून आलास, तेही विसरले नाही. पण त्यावर उपाय म्हणजे मला उचलून नेणं नव्हे. ज्या उन्हाने औषध नासवलं, त्यालाच आपण राखणीला बसवू. इथे खजुराच्या बागांतून पाण्याचे पंप सोलरवर चालतात, मग माझ्या एका फ्रिजने काय पाप केलं आहे? माझ्या गच्चीवर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत ऊन फुकट पडून असतं. तू दुकानदार आहेस, फुकटचा माल वाया गेला तर तुला झोप येत नाही. म्हणून तुलाच सांगते आहे.

तुझ्याकडे येऊन मी करू काय? चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. इथे मला जिना माहीत आहे, विहीर माहीत आहे, कोणत्या दगडाला ठेच लागते तेही माहीत आहे. मला माझ्या घरात राहायचं आहे, एवढंच. नीट विचार कर आणि उत्तर दे.

लोभ आहे तेवढा राहू दे, हुकूम थोडे कमी कर.

तुझी
नन्ना मेन्ना


अल्जीयर्स,
ता. २१ एप्रिल

तीर्थरूप नन्नास,
स. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ते वाचून मुलांनी विचारलं की आत्याने काय लिहिलं आहे. मी म्हटलं, शिव्या आहेत, पण अक्षर सुंदर आहे.

तू जिंकलीस, निदान अर्धी. खालच्या विजेच्या दुकानवाल्याला घेऊन मी दोन संध्याकाळी हिशेब केला. सहा पॅनल, दोन बॅटऱ्या आणि एक यंत्र पुढच्या लॉरीने पाठवतो. बसवायला बागेतले पंप लावणारा हम्मू फिटर आहे, त्याच्याशी मुलं फोनवर बोलली आहेत. एवढ्यावर फ्रिज आणि दोन पंखे आरामात चालावेत.

आता माझी अट. ऑक्टोबरात खजूर उतरेपर्यंत तुझा फ्रिज कधीही एक पूर्ण दिवस बंद पडला, तर कारण काहीही असो, पुढच्या लॉरीत तू बसायचंस आणि पुन्हा कुरकुर करायची नाही. आणि मला खरं कळवायचंस. तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण सोयीचं असेल तेव्हा गप्प बसतेस. तेही चालणार नाही.

तुझी खोली तयारच आहे. तुझी भावजय झोहरा जाऊन आता दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती रिकामी होती, आता हिरवे पडदे लावलेत. मुलं दुकान नीट बघतात. मला गल्ल्याजवळ शोभेला बसवतात आणि गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट दाखवून, हे आमचे वडील, असं सांगतात. बाकी क्षेम.

लोभ असावा, आणि अट मान्य असल्याचं दोन ओळींत लिहून द्यावं.

तुझा
बाहमद


गर्दाया,
ता. १६ मे

चि. बाहमद यास,
अ. उ. आ.

अट मान्य. दोन ओळी मागितल्यास, दोन शब्द पुरेत.

पॅनल एकदाचे बसले. कसे बसले ते ऐकशील तर हम्मूला बक्षीस पाठवशील. गच्ची बायकांची, दिवसा पुरुषाने तिथे पाय ठेवायचा नाही, हे पॅनल बनवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? पहिल्या दिवशी हम्मू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून खाकरला. शेजारच्या गच्च्यांवर लोकर वाळत होती, तिच्याभोवती सहा बायका बसल्या होत्या. कोणी हललं नाही. एकीने मोठ्याने सांगितलं की खोकला आहे वाटतं, त्याला काढा द्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. दोन दिवसांत त्याने माझ्या जिन्यात बसून अकरा पेले चहा प्यायला.

तिसऱ्या दिवशी आम्हाला शोध लागला की गच्च्या पूर्ण रिकाम्या असतात त्या दुपारी बारा ते चार. तेव्हा सरडेसुद्धा सावलीत जातात. त्या वेळात हम्मूने हातांना ओली फडकी गुंडाळून स्क्रू पिळले. दर स्क्रूला त्याला चटका बसे आणि चटक्याला शिवी येई. पण बायकांच्या गच्चीवर शिवी कशी द्यायची, म्हणून तो दरवेळी जिन्यात उतरून ती देऊन परत वर जाई. माणूस रिवाजाचा पक्का आहे.

एक अडचण मात्र निघाली. गच्चीची भिंत पुरुषभर उंच, आडोशाला बांधलेली. खाली ठेवलेल्या पॅनलवर तिची सावली दहा वाजेपर्यंत हटत नाही. म्हणून हम्मूने लोखंडी घोडे करून पॅनल भिंतीच्या वर उचलले. आता सकाळी सातपासून वीज येते. फ्रिज असा चालतो की काल मी ताकात बर्फ घालून प्यायले, आणि तुझ्या नावाने आणखी एक पेला घेतला.

पश्चिमेकडच्या शेजारणीने, लल्ला सेत्तीने, हे सगळं भिंतीपलीकडून ऐकलं असणार. चाळीस बायकांसमोर तिने माझ्या रव्याच्या कुसकुसात गुठळ्या आहेत असं म्हटलं, त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ती गप्प आहे. तिचं गप्प राहणं मला कधी मानवलेलं नाही.

लोभ आहेच. पडदे उतरवून ठेव, धूळ बसेल.

तुझी
नन्ना


गर्दाया,
ता. २ जून

चि. बाहमद यास,
अ. उ. आ.

मी म्हटलं नव्हतं का? सेत्ती रिवाजाच्या पंचांकडे गेली.

तक्रार अशी की माझ्या उचललेल्या पॅनलांची सावली सकाळी सात ते साडेनऊ तिच्या गच्चीतल्या जाळीवर पडते. त्या जाळीतूनच तिच्या खालच्या खोलीत उजेड येतो, आणि त्याच वेळात ती मागावर बसते. शेजाऱ्याचं ऊन अडवायचं नाही, हा तर आपल्या गावाचा पहिला कायदा. भिंत वीतभर वाढवली तरी लोक दोरी घेऊन मोजायला येतात. इथे तर मी लोखंडी घोडेच चढवलेत.

पंच तिघे आले, तिघेही पुरुष, म्हणजे गच्चीवर जाऊन सावली बघायची सोय नाही. ते सेत्तीच्या घरात चटईवर बसले आणि दोन तास जमिनीवरचा उजेड बघत राहिले. सेत्तीने आदल्या आठवड्यात कोळशाने रेघा मारून ठेवल्या होत्या, आधी ऊन कुठवर यायचं आणि आता कुठवर येतं. मलाही बोलावलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही, पण तिच्या शेळीला सांगत होती की काही लोकांना बर्फाचं ताक प्यायचं असतं, मग दुसऱ्याचे डोळे गेले तरी चालतात.

खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहिते. तिने दोन धागे हातात धरले, एक लाल आणि एक तपकिरी. त्या सावलीत मलाही त्यांतला फरक कळला नाही. ती खोटं बोलत नव्हती.

निकाल शुक्रवारनंतर. हम्मू म्हणतो की पॅनल खाली उतरवले तर वीज निम्मी होईल आणि उन्हाळ्यात फ्रिजचा भरवसा राहणार नाही. तसं झालं तर तुझी अट मोडल्यातच जमा आहे. दोन रात्री नीट झोप लागलेली नाही.

तुझ्या लोभाची आज खरोखर गरज आहे.

तुझी
नन्ना


अल्जीयर्स,
ता. ११ जून

तीर्थरूप नन्नास,
स. वि. वि.

वाईट वाटलं. आपल्या आजोबांनी याच रिवाजावर बोट ठेवून कोपऱ्यावरच्या घराची भिंत दोन वीत उतरवायला लावली होती, आणि त्याबद्दल आपण लहानपणी केवढा टेंभा मिरवायचो. आता आपलीच पाळी आली.

पंचांनी उतरवा म्हटलं तर वाद घालू नकोस, सरळ सामान बांध. मला आनंद होतो आहे असं मुळीच समजू नकोस. खोलीत काल नवा पंखा लावून घेतला, तो अगदी वेगळ्या कारणाने. गादीवाल्यालाही बोलावलं आहे, त्याची गादी सहज स्वस्तात मिळत होती म्हणून.

निकाल लगेच कळव. लोभ वाढावा, सावली कमी व्हावी.

तुझा
बाहमद


गर्दाया,
ता. १८ जून

चि. बाहमद यास,
अ. उ. आ.

गादी परत कर. पॅनल जागेवर राहिले.

थोरल्या पंचांनी फार वेळ दाढी कुरवाळली आणि मग सांगितलं की मेन्नाने शेजारणीचा उजेड घेतला आहे, तर तिने उजेडच परत द्यावा. भिंतीला भोक पाडून एक तार सेत्तीच्या घरात न्यायची, तिच्या मागावर दिवा द्यायचा आणि उन्हाळाभर एक पंखाही. आणि तो उजेड कमी पडू नये म्हणून सावली पडते आहे तोवर मी रोज सकाळी पॅनलांवरची धूळ पुसायची, त्यात खंड पडू द्यायचा नाही. दुसऱ्या पंख्याची मला तशीही गरज नव्हती. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

पहिला दिवा पिवळा लागला. दुसऱ्या दिवशी सेत्ती शेळीला सांगत होती की या उजेडात सगळ्या लोकरीला कावीळ झाली आहे. मी माझ्या फ्रिजला मोठ्याने सांगितलं की तोंडाने मागितलं असतं तर पांढरा मिळाला असता. तिने शेळीला सांगितलं की मागायची गरजच काय, पंचांचा निकाल आहे. मी पांढरा दिवा पाठवला. संध्याकाळी तारेच्या भोकापाशी वाटीत खजुराचा लाडू ठेवलेला मिळाला. तो चांगला होता, पण मी तसं अजून फ्रिजलाही सांगितलेलं नाही.

लोभ आहे. अट चालू आहे, विसरलेले नाही.

तुझी
नन्ना


गर्दाया,
ता. ९ ऑगस्ट

चि. बाहमद यास,
अ. उ. आ.

फ्रिज बंद पडला. पडला म्हणणंही खोटं होईल. मी बंद केला.

गेल्या रविवारी वाळूचं वादळ सुरू झालं ते तीन दिवस थांबलं नाही. आभाळ भगवं, सूर्य असून नसल्यासारखा. मी पॅनल पुसून येई आणि खाली उतरेपर्यंत ते पुन्हा माखत. त्यातच गावची वीज गेली. मंगळवारी दुपारी बॅटऱ्या पाव हिश्शावर आल्या. हम्मूने फोनवर सांगितलं की आता दोन्ही चालणार नाही, एक तर फ्रिज ठेवा नाहीतर भिंतीपलीकडचा पंखा.

सेत्तीची नात बाळंतपणाला तिच्याकडे आली आहे. बाळ सहा दिवसांचं. बाहेर पारा शेहेचाळीस. त्या बाळाचं रडणं तारेच्या भोकातून माझ्याकडे येत होतं, आणि दुपारनंतर ते बारीक झालं. मला त्या बारीक आवाजाची भीती वाटली. मी फ्रिजचं बटण बंद केलं आणि तार राहू दिली. दीड दिवस. इंजेक्शन ओल्या फडक्यात गुंडाळून कातडी पखालीखाली टांगून ठेवलं आणि तासातासाला फडकं भिजवत बसले. औषध बिघडलेलं नाही, साखरही ठीक आहे, डॉक्टरांना दाखवून आले. बाळ दूध पितं आहे.

पण अट फ्रिजची होती आणि ती एक पूर्ण दिवसाची होती, कारण काहीही असो असं तू लिहिलं होतंस. मी गप्प बसू शकले असते. तुला कोणी सांगितलं नसतं. माझं सामान एका पेटीत मावलं, बांधून ठेवलं आहे. लॉरी कधी येते ते कळव. मला यायचं नाही रे बाहमद, पण शब्द दिला आहे.

लोभ तिथे आल्यावर समक्षच मागेन.

तुझी
नन्ना


गर्दाया,
ता. ११ ऑगस्ट

बाहमद यास,
सलाम.

ही लल्ला सेत्ती. माझी धाकटी नात लिहिते आहे, बोल माझे आहेत. तू खजुराच्या झाडावरून पडलास तेव्हा तुला खांद्यावर घरी आणलं ते माझ्या नवऱ्याने, एवढी ओळख पुरे.

काल तुझी बहीण माझ्या दारात आली. पंच बसले तो दिवस सोडला तर नऊ वर्षांत पहिल्यांदा. हातात पॅनल पुसायचं फडकं. म्हणाली की ती अल्जीयर्सला जाते आहे, तर माझ्या या धाकट्या नातीने रोज सकाळी तिच्या गच्चीवर जाऊन पुसावं, म्हणजे आमचा उजेड कमी व्हायला नको. का जातेस म्हणून विचारलं तर सांगेना. तेव्हा मी तिला आत ओढलं, बसवलं आणि नऊ वर्षांचं एकदम बोलून घेतलं. तिनेही घेतलं. शेवटी ती रडली आणि मग सगळं कळलं. माझ्या घरात पंखा फिरत होता तेव्हा तिचं औषध पखालीखाली टांगलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मला ते आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे. पणतू माझा आहे, उत्तर द्यायला जीभ वळत नाही.

कुसकुसाचंही सांगून टाकते. गुठळ्या होत्या. पण चाळीस जणींसमोर म्हणायला नको होतं, ते मी तिला सांगितलं.

आता तुझं. तुझ्या अटीशी मला काही घेणं नाही. पंचांचा निकाल असा आहे की सावली पडते आहे तोवर मेन्नानेच रोज पॅनल पुसायचे. माझी नात नाही, मेन्ना. सावली रोज पडते. तू तिला घेऊन गेलास तर माझा उजेड नेलास, आणि मी त्याच दुपारी पंचांच्या दारात बसेन. मी कशी बसते हे गावाला विचार. तुझी अट दोघा भावंडांतली आहे, माझा निकाल गावाचा आहे.

आणि इथे तिला बघायला कोणी नाही असं समजू नकोस. भिंतीला भोक आहे.

लोभ-बिभ मला लिहिता येत नाही. सुखी राहा.

सेत्ती


अल्जीयर्स,
ता. २३ ऑगस्ट

तीर्थरूप नन्नास,
स. वि. वि.

तुझं आणि लल्ला सेत्तीचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. आधी तुझं वाचलं. खरं लिहायचं ठरलं आहे ते तू पाळलंस, आता मलाही पाळलं पाहिजे.

तुझं पत्र वाचून मला आनंद झाला. नन्ना, औषध पखालीखाली टांगलं होतं हे वाचल्यावरसुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की चला, आता ती येणार. मी उठून खोलीतला पंखा लावून पाहिला. मग सेत्तीचं पत्र उघडलं आणि मला माझीच लाज वाटली. तुझ्या इंजेक्शनाची काळजी खरी होती, पण ती काळजी पुढे करून मी दुसरंच मागत होतो. फ्रिज बंद पडावा म्हणून मी एप्रिलपासून वाट बघत होतो.

झोहरा गेल्यापासून या घरात माझ्याशी कोणी भांडत नाही. मुलं चांगली आहेत, सुना चांगल्या आहेत, सगळे माझ्या कानांना सांभाळून थोडं आणि मोठ्याने बोलतात. जेवण झालं का, औषध घेतलं का, एवढंच. तू यावीस आणि कुरकुर करावीस, म्हणून मी पडदे लावले होते. आणि तुला तुझ्या जागेवरून उपटायला निघालो होतो, जिथे एक म्हातारी तुझ्यासाठी गावाशी भांडायला तयार आहे. माझ्यासाठी इथे कोणी पंचांकडे जाणार नाही.

अट मी काढून घेतली. पेटी सोड. सेत्तीला माझा सलाम सांग, आणि मी तिच्या निकालापुढे हरलो असंही सांग, तिला ते ऐकायला आवडेल. एक जादा बॅटरी येत्या लॉरीने पाठवतो आहे, म्हणजे पुन्हा फ्रिज की पंखा असं निवडायची वेळ तुझ्यावर येणार नाही.

त्या लॉरीत पुढे ड्रायव्हरशेजारी एक जागा रिकामी असते. मुलांना विचारलं, दुकान माझ्याशिवाय उत्तम चालतं. हे त्यांनी जरा फारच पटकन सांगितलं. दिवसा मी खालीच बसेन. ऐकू कमी येतं, म्हणजे सेत्ती शेळीशी काय बोलते त्याचा मला त्रास नाही. फार नाही, खजूर उतरेपर्यंत. मग पुढचं तू ठरव.

आजवर पत्राच्या शेवटी मी लोभ मागत आलो, कारण तसं लिहायची पद्धत आहे. या वेळी जागा मागतो आहे. मला ठेवून घेशील का?

तुझा
बाहमद